आधी ग्राह्यता, मग शोधन

आपल्या परिषदांतून शोधन-मारणाविषयी जितका ऊहापोह होतो, तितका मूळ खनिजाच्या ग्राह्याग्राह्यतेविषयी होत नाही, ही खेदाची बाब आहे. प्रस्तुत लेखात त्याच उपेक्षित टप्प्याकडे वैद्यबंधू-भगिनींचे व औषधनिर्मात्यांचे लक्ष वेधावयाचे आहे.

रसशास्त्राने हिंगुळास साधारण रसांत, तर हरताळ, मनःशिळा व अंजन यांना उपरसांत स्थान दिले. भूगर्भात मात्र ही बहुधा एकाच कुळातील भावंडे आहेत. पारा, आर्सेनिक व अँटिमनी विरघळलेले गंधकयुक्त उष्ण जल खडकांच्या भेगांतून वर येते आणि भूपृष्ठाजवळ, साधारणतः 200 अंश सेल्सिअसच्या खाली निवू लागले की ही खनिजे गार व कॅल्साइट यांच्यासह शिरांच्या रूपाने साचतात. साहजिकच एकाच शिरेत ती परस्परांत मिसळलेली आढळू शकतात. लाल रंग दिसला म्हणजे शुद्ध हिंगुळ, असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. रसशास्त्रातील ही द्रव्ये मात्र आपल्याला बाहेरूनच आणावी लागतात. खाण आपण पाहत नाही, पाहतो ते केवळ देयक. बाजारातील पुष्कळसा हिंगुळ तर पारद व गंधकापासून कृत्रिमरीत्या बनविलेला असतो.

काही वर्षांपूर्वी मी सौवीरांजन, म्हणजेच स्टिबनाइट, मागविले होते. देयकावर केवळ ‘अंजन’ असे लिहिलेले होते. खडा हाती घेताच नको इतका जड वाटला. प्रयोगशाळेच्या अहवालानुसार ते शिशाचे खनिज, गॅलेना, निघाले. भृंगराज स्वरसाच्या कितीही भावना दिल्या असत्या, तरी शिशाचे अँटिमनी झाले नसते. आणि ते रुग्णांच्या नेत्रांत गेले असते.

खड्याचे हवेतील व पाण्यात बुडवून घेतलेले वजन यांवरून विशिष्ट गुरुत्व सहज काढता येते. स्टिबनाइटचे ते सुमारे 4.6, गॅलेनाचे 7.5, हिंगुळाचे 8.1, तर हरताळ व मनःशिळेचे सुमारे 3.5 असते. गारेचा अंश असल्यास अंक बदलतो. म्हणून या परीक्षेने शंका घ्यावी, निर्णय प्रयोगशाळेवर सोपवावा. मनःशिळा प्रकाशात पिवळी पडून तिचा भुगा होतो. ती अंधारात, बंद पात्रात ठेवावी. हा पिवळा भुगा म्हणजे हरताळ नव्हे.

2004 साली अमेरिकेत बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यावर आपण शोधनाच्या श्रेष्ठत्वाचे दाखले दिले. शोधन श्रेष्ठ आहेच. परंतु ज्याचे शोधन केले ते द्रव्य कोणते होते, या प्रश्नाचे कागदोपत्री उत्तर आपल्यापैकी कितीजणांकडे आहे?

माझी सूचना साधी आहे. लहान औषधनिर्मात्यांनी खनिजांची खरेदी एकत्रितपणे करावी, प्रत्येक खेपेची एकच सामाईक तपासणी करून घ्यावी व खर्च वाटून घ्यावा. देयकावर खनिजाचे नाव, उगम आणि ते नैसर्गिक की कृत्रिम याचा स्पष्ट उल्लेख असल्याविना माल स्वीकारू नये. द्रव्याची ओळखच चुकली, तर पुढचा सारा विधी यथाशास्त्र होऊनही व्यर्थ ठरतो.