अनुमोदनाचं पाप आपलंही आहे



मागच्या महिन्यात बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत ठराव झाला: पार्किंगमध्ये मुलांनी बॉल खेळायचा नाही, गाड्यांवर ओरखडे पडतात. हात वर करणाऱ्यांत मीही होते. घरी आले तर चौदा वर्षांची लेक सोफ्यावर मोबाईल घेऊन पडलेली. "सारखा काय गं तो फोन?" मी ओरडले. ती म्हणाली, "मग खाली जाऊन काय करू, मम्मी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं चांगली दमछाक होईल अशी हालचाल करावी. त्यांच्याच २०१९च्या अभ्यासात जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं यात कमी पडली. मुलींमध्ये ८५ टक्के. मुलगी वयात आली की तिचा खेळ आपणच आधी बंद करतो ना?

"मोबाईल काढून घ्या" म्हणणं सोपं आहे. पण मैदान, मैत्रिणी, मोकळा वेळ आपण आधीच काढून घेतला. शाळा, क्लास, गृहपाठ. मैत्रिणीशी भांडायचं आणि पुन्हा जमवायचं ते खेळताना शिकतात. ती जागाच नसेल तर मूल स्क्रीनमध्येच सोबत शोधणार, आणि आतून एकटं पडणार.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये काय केलं? संध्याकाळी सातला भोंगा वाजवून साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. नुसते मुलांचे नाहीत, मोठ्यांचेही! आपण मात्र प्रतिक्रमण करून उठलो की आधी व्हॉट्सॲप उघडतो.

चौविहार करणाऱ्या घरांत तर जेवण सूर्यास्ताआधीच होतं. पुढची संध्याकाळ मोकळी. सामायिकाची ४८ मिनिटं आपण स्थिर बसू शकतो, मग तेवढाच वेळ मुलांसोबत चालायला का नाही?

करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्हींनी कर्म बांधलं जातं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मुलांच्या स्क्रीनला माझं अनुमोदन त्या मीटिंगमध्ये वर केलेल्या हाताने दिलं गेलं.

म्हणून मी सोसायटीला पत्र दिलंय: रोज संध्याकाळी एक तास पार्किंग मुलांना द्या. माझी गाडी तेवढा वेळ बाहेर लावेन. ओरखडा पडला तर पडू दे. तो रंगाने बुजतो.