पांढऱ्या कडांची विन्का: कुंडीत हवी, ओढ्याकाठी नको

शोभिवंत रोपांच्या बाजारात 'विन्का' या एकाच नावाखाली दोन निराळ्या वनस्पती विकल्या जातात. पहिली आपली परिचित सदाफुली, म्हणजे कॅथरँथस रोझियस. ती मूळची मादागास्करची असून भर उन्हात बियांपासून सहज वाढते. दुसरी भूमध्य सागराकाठची विन्का मेजर. तिच्या चित्रवर्णी वाणाची पाने मलईसारख्या पांढऱ्या कडांची, फुले निळी-जांभळी आणि फांद्या जमिनीवर लोळणाऱ्या असतात. तिला गारवा व अर्धसावली मानवते. विन्का म्हणून मिळणारी बियाण्याची पाकिटे प्रायः सदाफुलीची असतात. चित्रवर्णी वाण मात्र छाट कलमांवरच टिकतो. हा भेद न कळल्यास रोपवाटिकाधारकाचा संपूर्ण हंगाम वाया जातो. म्हणून रोपाच्या चिठ्ठीवर शास्त्रीय नाव असणे आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. ही वनस्पती भू-आच्छादन म्हणून सुचवावी काय? तिची फांदी जेथे मातीला टेकते तेथे मुळे धरते आणि काही वर्षांत दाट गालिचा तयार होतो. उतारावरची माती धरून ठेवण्यास हा गुण उपयुक्त खराच. परंतु कॅलिफोर्नियात याच गुणामुळे ओढ्यानाल्यांच्या काठची स्थानिक झुडपे तिच्याखाली दबली. पुरात वाहून गेलेले तुकडे खालच्या काठावर पुन्हा रुजतात. शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने आपल्या वनांचे व कुरणांचे काय केले, हे सर्वश्रुत आहे. हिमाचल, उत्तराखंड किंवा निलगिरीच्या थंड, ओलसर प्रदेशात विन्कास पोषक हवामान लाभते. तेथे वनालगत व प्रवाहाकाठी तिची शिफारस करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओलसर अर्धसावलीत देशी मंडूकपर्णी हा उत्तम पर्याय आहे.

तथापि या वनस्पतीस सरसकट नकार देणेही योग्य नाही. टांगत्या कुंडीत तिच्या लोंबत्या फांद्या मोहक दिसतात आणि प्रसारही आटोक्यात राहतो. दोन-तीन पेरांची छाट कलमे वाळू व कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात लावावीत. कुंडीतून पाण्याचा निचरा उत्तम व्हावा. सकाळचे कोवळे ऊन द्यावे. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात सावलीजाळी अनिवार्य समजावी. एखादी फांदी पूर्ण हिरव्या पानांची निघाल्यास ती मुळापासून काढावी, कारण अधिक हरितद्रव्यामुळे ती जोमाने वाढून चित्रवर्णी फांद्यांना मागे टाकते. वनस्पती विषारी असल्याने मुले व जनावरे यांपासून दूर ठेवावी. छाटलेल्या फांद्या ओढ्यात किंवा बांधावर न टाकता पूर्ण वाळवून नष्ट कराव्यात.

विस्तार कार्यकर्त्यांनी रोपाच्या किमतीबरोबरच ते कोठे लावू नये हेही सांगितले पाहिजे. रोप एका दिवसात विकले जाते. त्याचा उपद्रव निस्तरण्यास मात्र पिढ्या लागतात.