सत्कार झाला, उपचार राहिले

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या सहा अमेरिकन सैनिकांचा फोटो जगभर गाजला. त्यातलाच एक पिमा आदिवासी जमातीचा आयरा हेज. देशाने त्याला मिरवले. त्याला मात्र लढाईत पडलेले सोबतीच आठवत. पुढे तो दारूत बुडाला. २४ जानेवारी १९५५ रोजी दारू आणि गारठ्याने, ३२ व्या वर्षी उघड्यावर मेला.

मनाच्या अशा जखमांना अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आजार म्हणून मान्यता दिली ती १९८० मध्ये.

मला वाटते, हारतुरे म्हणजे औषध नव्हे. आपल्या गावातला माजी सैनिक झोपेत दचकत असेल, एकटा बसत असेल, पिणे वाढले असेल, तर ‘दारुडा’ म्हणून हिणवू नका. वेळीच डॉक्टरांकडे न्या.