पहिला नमुना महाग कोणी केला?

मोटारीचा विषय निघाला की चर्चा इंजिनाची होते. ग्राहकाची नजर मात्र प्रथम जाते ती डॅशबोर्डवर आणि हात पडतो तो दाराच्या आतील आवरणावर. हे भाग दिसायला साधे. पण त्यांचा पहिला नमुना घडवायचा म्हटले की लहान उद्योजकाचे हातपाय गळतात. कारण त्याला एकच मंत्र ऐकविला जातो : आधी पोलादी साचा करा! असा साचा लाखो रुपयांचा असतो आणि तो असतो हजारो नगांसाठी. जेथे दहा नग पुरेसे, तेथे त्याचा आग्रह धरणे म्हणजे चार लाडवांसाठी साखर कारखाना काढण्यासारखे आहे.

वास्तविक स्वस्त मार्ग उघडे आहेत. फोम कोरून, लांबी भरून, घासून त्यावर फायबरग्लासचे थर देता येतात. सिलिकॉन रबराच्या एका साच्यातून वीसेक नग ओतता येतात. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून लाकडी ठोकळ्यावर निर्वाताने ओढता येतो. थ्रीडी छपाईच्या एका प्रमुख पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले आणि ते यंत्रही सामान्यांच्या आवाक्यात आले.

मर्यादा आहेतच. पीएलए या स्वस्त प्लॅस्टिकचा छापील भाग नागपूरच्या मे महिन्यात बंद मोटारीत वाकडा होईल. सुरक्षेची अंतिम चाचणी खऱ्या द्रव्याच्या भागावरच व्हायला हवी. परंतु आकार, जोड आणि बसवणूक तपासण्यास स्वस्त नमुना पुरेसा असतो. चूक कागदी लगद्यात सापडली तर शेकड्यांत निभावते. पोलादात सापडली तर धंदा बुडवते.

मग अडते कोठे? जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्ल यांनी मोटारीचे रूप मातीत घडविण्याची पद्धत रूढ केली, हे आपले अभियंते कौतुकाने वाचतात. परंतु नागपूरच्या चितार ओळीत मातीला पिढ्यान्‌पिढ्या आकार देणारा मूर्तिकार त्यांना कारागीरही वाटत नाही! हुडकेश्वरसारख्या वाढत्या उपनगरातील तरुण पदवी घेतो, तयार प्रकल्प विकत आणून सादर करतो आणि नोकरीसाठी पुण्याची गाडी पकडतो. ज्या शिक्षणात हाताला माती लागत नाही, त्यातून निर्माता कसा घडणार?

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या लहान मोटारीचे पहिले रूप सिद्ध केले आणि पुढे दोन दशके ते सुधारत नेले. ती मोटार कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही. बुद्धी कमी नव्हती. पाठबळ कमी होते.

स्वावलंबनाची भाषणे पुष्कळ झाली. आता अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपली कार्यशाळा सायंकाळी परिसरातील कारागिरांना खुली करावी, मूर्तिकाराला सन्मानाने शिकवायला बोलवावे आणि मोठ्या कंपन्यांनी लहान पुरवठादाराचा स्वस्त नमुना आधी पाहावा, साचा नंतर मागावा. ज्याला पहिला नमुना परवडत नाही, तो जन्मभर दुसऱ्याच्या आराखड्याचे स्क्रूच आवळत राहतो.