रात्रीचा भडकल दरवाजा



औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा भडकल दरवाजा आपल्याला नवा नाही. १४ एप्रिलला तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला आपण मुलाबाळांसह जातो. मीही वीस वर्षे जातो आहे. पण शेजारच्या कमानीकडे मान वर करून कधी नीट पाहिले नव्हते.

परवा धाकटी मुलगी म्हणाली, "पप्पा, शाळेच्या प्रदर्शनासाठी या दरवाजाचा रात्रीचा फोटो हवा." मोबाईलचा फ्लॅश लावून काढला. जवळची पाटी लख्ख, दरवाजा काळाकुट्ट! आमच्या गल्लीत लग्नाचे फोटो काढणारे एक काका आहेत. ते हसले. म्हणाले, "फ्लॅशचा उजेड चार-पाच मीटर जातो. एवढ्या दरवाजाला तो कसा पुरेल?" दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणि स्टँड घेऊन ते आमच्यासोबत आले.

सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, आभाळात निळाई असतानाच त्यांनी फोटो घेतला. उशीर केला तर कमानीचा माथा अंधारात मिसळून जातो. फ्लॅश बंद, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ८, शटर दहा सेकंद उघडे. बोटाच्या धक्क्यानेही कॅमेरा हलतो, म्हणून टायमर लावला. स्टँड नसेल तर मोबाईल कठड्याला टेकवून नाईट मोडवर ठेवला तरी भागते.

फोटोत धावत्या रिक्षा उमटल्याच नाहीत, त्यांच्या दिव्यांच्या लाल-पिवळ्या रेघा तेवढ्या आल्या. दरवाजा मात्र ठसठशीत.

"हा बांधला कोणी?" मुलीने विचारले. मी म्हणालो, "असेल कुणी बादशहा."

वाचनालयात शोधले आणि स्वतःचीच लाज वाटली. दरवाजा मलिक अंबरने बांधला. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, पुन्हा पुन्हा विकला गेला, आणि दख्खनमध्ये आला. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच हे शहर. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये हा दरवाजा उभारला. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

बाजारात विकल्या गेलेल्या माणसाचे काम मी बादशहाच्या नावावर टाकले होते, तेही माझ्याच लेकीसमोर! मी तिला चूक सांगितली. तिने फोटोखाली लिहिले, 'मलिक अंबर, १६१२.'

पालकांनो, मुलांना असे फोटो जरूर काढू द्या. मात्र खाली बांधणाऱ्याचे नाव लिहायला सांगा.