कट्टा आपला, पण सांभाळतो कोण?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५च्या अखेरीस माणसांमधल्या नात्यांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार, म्हणजे तासाला जवळपास शंभर, असा त्यातला अंदाज आहे. एकटेपणा म्हातारपणीच येतो, हा समजही या अहवालाने खोडून काढला. १३ ते २९ वयोगटातल्या १७ ते २१ टक्के जणांनी आपल्याला एकटे वाटत असल्याचे सांगितले. दिवसभर फोन हातात असणारा वयोगट तो हाच.

मग फोनच दोषी का? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १४३ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी दहाच मिनिटे वापरणाऱ्या गटात तीन आठवड्यांनी एकटेपणा आणि उदासी कमी झालेली दिसली. पण या गटालाही सगळे बंद करायला सांगितलेले नव्हते, हे विसरू नये. नाणे दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवे. अपस्मार, कोड, वंध्यत्व, एचआयव्ही किंवा एखादा दुर्मीळ आजार असलेल्या माणसाला गावात बोलायला कुणी नसते. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आम्ही डॉक्टर त्याला जेमतेम काही मिनिटे देऊ शकतो. ‘मलाही असंच होतं’ हे वाक्य त्याला औषधाच्या चिठ्ठीत मिळत नाही. ते आजाराच्या सोबत्याकडूनच मिळते आणि असा सोबती पुष्कळदा इंटरनेटवरच भेटतो.

प्रश्न आहे तो भेटीच्या जागेचा. २०२१च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन आणि खाटांसाठी ट्विटरवर अनोळखी लोक एकमेकांच्या मदतीला धावले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२२मध्ये, ट्विटरचा मालक बदलला आणि नोव्हेंबरमध्ये करोनाविषयीच्या चुकीच्या माहितीवरचे निर्बंध कंपनीने लागू करणे थांबवले. कट्टा लाखोंचा होता, पण त्याची किल्ली एकाच खिशात होती.

या वेळी अनेक डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि सामान्य वापरकर्ते ‘मॅस्टोडॉन’कडे वळले. ऑयगेन रोखको या जर्मनीतल्या तरुण प्रोग्रॅमरने ते २०१६मध्ये सुरू केले होते. त्याची रचना ई-मेलसारखी आहे. तुमचा ई-मेल एका कंपनीचा आणि माझा दुसऱ्या कंपनीचा असला, तरी पत्रे पोहोचतातच. तसेच इथे हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत. कुणी विज्ञानासाठी, कुणी एखाद्या शहरासाठी, कुणी एखाद्या भाषेसाठी ते चालवतो. तुम्ही एका सर्व्हरवर खाते उघडता आणि इतर सर्व्हरवरच्या लोकांशीही बोलता. पोस्ट काळाच्या क्रमाने दिसतात आणि जाहिराती जवळपास नसतातच. त्रासदायक मजकूर झाकून वर विषयाची सूचना लिहिण्याची आणि छायाचित्राचे शब्दांत वर्णन देण्याची पद्धत तिथे बऱ्यापैकी रुजली आहे. अंध व्यक्तींना या वर्णनाचा मोठा उपयोग होतो. ‘ब्लूस्काय’ हे दुसरे नाव फेब्रुवारी २०२४पासून सर्वांना खुले झाले. त्याचीही मांडणी विकेंद्रित आहे, पण बहुतांश खाती अजून एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत.

विकेंद्रित म्हणजे आपोआप आपुलकीचे, असे मात्र नाही. २०२२च्या स्थलांतरात अनेक कृष्णवर्णीय वापरकर्त्यांना नेमका उलटा अनुभव आला. वर्णद्वेषाचे अनुभव लिहिले की ‘हे झाकून टाका, आम्हाला त्रास होतो’ असे त्यांना सांगण्यात आले. तंत्रज्ञान तेच होते, स्वागत मात्र प्रत्येकाच्या वाट्याला सारखे आले नाही. आपल्याकडेही हा धोका आहे. जातीवाचक शिवी मराठीत असेल, तर युरोपात बसलेल्या मॉडरेटरला ती कळेलच असे नाही.

दुसरा मुद्दा टिकाऊपणाचा. नोव्हेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर बरेच भारतीय मॅस्टोडॉनवर गेले, पण तो उत्साह लवकरच ओसरला. ओळखीची माणसे जुन्याच जागी राहिली, की नव्या जागेचे अप्रूप टिकत नाही. सर्व्हर चालवणारे बहुतेक जण स्वयंसेवक असतात आणि तेही थकतात. सुमारे बारा हजार वापरकर्त्यांचा एक सर्व्हर २०२३मध्ये असाच बंद झाला. वाद आणि द्वेष यांना चालक कंटाळला होता. अशा वेळी खाते दुसरीकडे हलवता येते आणि अनुयायीही सोबत येतात, मात्र जुन्या पोस्ट मागेच राहतात.

म्हणून घर भाड्याने घेताना आपण जशी चौकशी करतो, तशीच ती इथेही करावी. आधी सर्व्हरचे नियम वाचा. ते मोघम आहेत की छळ आणि द्वेष यांविषयी स्पष्ट बोलतात? चालवणारे कोण आहेत, एकटेच आहेत की चारपाच जण? खर्च कुठून भागतो? मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरना वर्णद्वेष आणि लिंगभेदाविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हर सांभाळू शकेल अशी आणखी एक व्यक्ती आणि बंद करण्यापूर्वी तीन महिन्यांची सूचना, एवढी हमी द्यावी लागते. ही यादी सुरुवातीला बरी. बऱ्याच सर्व्हरवरची सार्वजनिक चर्चा खाते न उघडताही वाचता येते. आठवडाभर ती वाचा. नवख्याने विचारलेल्या साध्या प्रश्नाला कसे उत्तर मिळते, यावरून त्या जागेचा स्वभाव कळतो. मग स्वतःची ओळख करून देणारी एक पोस्ट लिहा आणि इतरांच्या पोस्टना उत्तरे द्या. नुसते वाचत राहणाऱ्याला कुणी ओळखत नाही.

रुग्णांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. मॅस्टोडॉनवरचा ‘खासगी’ संदेश कुलूपबंद नसतो. सर्व्हर चालवणाऱ्याला तो वाचता येऊ शकतो. आपले रिपोर्ट, पूर्ण नाव किंवा रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक तिथे टाकू नये. आणि सोबत्याने सुचवलेला औषधाचा बदल आधी डॉक्टरांना विचारावा. सोबती धीर देतो, डोस ठरवत नाही. जीव नकोसा वाटत असेल, तर पोस्टच्या उत्तराची वाट न पाहता ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारी सेवा मोफत असून मराठीतही बोलता येते.

विकेंद्रित माध्यमांनी आपल्याला निवडीचा आणि नाती सोबत घेऊन बाहेर पडण्याचा हक्क दिला आहे. आपुलकी मात्र ती जागा रोज झाडून-पुसून ठेवणाऱ्या मूठभर माणसांमुळे असते. फेसबुक-व्हॉट्सॲपच्या तुलनेत तिथला मराठी वावर अजून तुरळक आहे. एखाद्या आजाराच्या रुग्णगटाने, वाचनालयाने किंवा महाविद्यालयाने मराठीतला छोटा, नीट राखलेला कट्टा उभा करायचे ठरवले, तर त्याला मोठी यंत्रणा लागणार नाही. लागतील ती रात्री-अपरात्री आलेली तक्रारही वाचणारी चारपाच जबाबदार माणसे.