मतांचा लिलाव आणि इर्शाळवाडीचा डोंगर

निवडणूक म्हणजे धोरणांची झुंज, असे नागरिकशास्त्राची पुस्तके सांगतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राने जे पाहिले त्यास झुंज म्हणावयाचे की लिलाव? महायुतीने जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेखाली दरमहा १५०० रुपये देऊ केले आणि निवडणूक येताच २१०० चा पुकारा केला. या खर्चावर टीका करणाऱ्या महाविकास आघाडीने लगेच ३००० ची बोली लावली! पुढे मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपये दिसले. ते २१०० मात्र दिसले नाहीत.

गरीब स्त्रीच्या हाती पैसा पडू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. खोपोलीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला त्या १५०० चे मोल आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. दोन्ही पक्ष एकच धोरण घेऊन उभे राहिले आणि फरक केवळ आकड्याचा उरला, तर मतदाराने निवडावयाचे काय? खोपोली ज्या कर्जत मतदारसंघात मोडते तेथे तर कडीच झाली. निवडून आले शिवसेनेचे महेंद्र थोरवे. त्यांच्याखालोखाल मते पडली ती राष्ट्रवादीतून बंड करून अपक्ष उभ्या राहिलेल्या सुधाकर घारे यांना. म्हणजे मुख्य सामना एकाच सत्ताधारी गोटातल्या दोघांचा!

हाच जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता तेव्हा १९३३ साली चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि कुळांचा प्रश्न राजकारणाच्या मध्यभागी आणून ठेवला. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. १९६२ साली काँग्रेस प्रचंड बहुमताने परतली आणि समिती विरून गेली. प्रतिपक्षाने प्रश्नच पदरात घेतला, समिती रिकाम्या हाती राहिली. पण महाराष्ट्र तर मिळाला! पक्षांच्या चुरशीचा जनतेला खरा लाभ होतो तो असा.

आता खालापूर तालुक्याकडे पाहा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. वाचलेल्यांना चौकजवळ घरे बांधून मिळाली, हे योग्यच झाले. परंतु अवघ्या सोळा महिन्यांनी मते मागताना डोंगरउतारावरील इतर ठाकूर-कातकरी वाड्यांचे काय करणार, यावर कोणी कोणाशी वाद घातल्याचे आम्हांस ऐकू आले नाही. १९१५ पासून खोपोलीच्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईत पोहोचते. पायथ्याच्या वाडीपर्यंत एक धोरण पोहोचू नये?

इर्शाळवाडीचे नाव सरकारच्या धोकादायक गावांच्या यादीत नव्हते. यापुढे दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास खोपोलीकरांनी बोली ऐकण्यापूर्वी विचारावे : ती यादी आज कोणती, तीत कोणत्या वाड्या आहेत, आणि तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या यादीहून ती वेगळी कशी?